मातीशिवाय बाग: पहिली बादली

सतराव्या शतकात यान बाप्टिस्ट व्हॅन हेल्मोंट नावाच्या संशोधकानं एक मोठा खटाटोप केला. भट्टीत वाळवलेली २०० पौंड, म्हणजे साधारण ९० किलो माती त्यानं एका कुंडीत भरली, तिच्यात ५ पौंडांचं विलोचं रोप लावलं आणि पाच वर्षं त्याला नुसतं पाणी घातलं. पाच वर्षांनी झाड उपटून तोललं, तर ते १६९ पौंडांच्या वर गेलं होतं. माती पुन्हा वाळवून तोलली, तर ती जेमतेम दोन औंस कमी भरली. त्यावरून त्यानं ठरवून टाकलं की झाड पाण्याचंच बनतं. हा प्रयोग त्याच्या मृत्यूनंतर, १६४८ साली छापून आला.

निष्कर्ष चुकला होता. झाडाच्या सुक्या वजनाचा मोठा वाटा हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचा असतो, हे नीट कळायला पुढे दीडेकशे वर्षं गेली. आणि मातीतून कमी झालेले ते दोन औंस, म्हणजे जवळपास ५७ ग्रॅम, त्यानं तोलण्यातली चूक म्हणून सोडून दिले असणार. झाडाच्या मुळांनी उचललेले क्षार त्यातच होते. थोडक्यात, हेल्मोंटच्या हातून दोन गोष्टी निसटल्या: हवा आणि ते ५७ ग्रॅम. मातीशिवाय रोपं वाढवायला बसलेला नवशिका ५७ ग्रॅमांच्या मागे हात धुऊन लागतो. कुठलं खत, किती खत, कुणाचं खत, यातच त्याचा महिना जातो. हवा मात्र तोही विसरतो. मीही विसरलो होतो. ती गोष्ट पुढे येईलच.

माती नेमकं काय करते

माती काढून टाकायची तर ती कोणती कामं करत होती ते आधी माहीत हवं, कारण ती सगळी आता आपल्या अंगावर येणार आहेत. माती रोपाला उभं धरते. पाणी साठवते आणि हळूहळू देते. तिच्या कणांमधल्या पोकळ्यांतून मुळांना हवा मिळते. अन्नद्रव्यं ती स्वतःजवळ धरून ठेवते. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, चुका पोटात घालते. खत थोडं जास्त झालं, पाणी एक दिवस राहिलं, आम्लता इकडची तिकडे झाली, तरी माती सांभाळून घेते. पाणी सांभाळून घेत नाही. पाण्यात केलेली चूक थेट मुळापर्यंत पोचते, तीही त्याच दिवशी. म्हणून या पद्धतीत कष्ट कमी, पण लक्ष जास्त लागतं. खुरपणी नाही, तण नाही. आठवड्यातून दोनदा झाकण उचलून बघणं मात्र चुकवून चालत नाही.

रोपाला १७ मूलद्रव्यं लागतात. कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन ही तीन हवा आणि पाण्यातून मिळतात. उरलेली चौदा आपण द्यायची. नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि गंधक भरपूर लागतात. लोह, मँगनीज, जस्त, तांबं, बोरॉन, मॉलिब्डेनम, क्लोरिन आणि निकेल अगदी चिमूटभर. १८६० च्या दशकात यूलियुस फॉन झाक्स आणि विल्हेल्म क्नोप या जर्मन शास्त्रज्ञांनी क्षार विरघळवलेल्या पाण्यात रोपं वाढवून दाखवली. पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या विल्यम गेरिक यांनी १९३७ साली या शेतीला ‘हायड्रोपोनिक्स’ हे नाव दिलं. ग्रीकमधले ‘पाणी’ आणि ‘श्रम’ हे दोन शब्द त्यात जोडलेले आहेत. त्या काळात या प्रकाराचा इतका गवगवा झाला की त्याच विद्यापीठातल्या होगलंड आणि आर्नन यांनी १९३८ मध्ये एक पुस्तिका काढून लोकांना जमिनीवर आणलं. त्यांचं म्हणणं असं, की चांगल्या मातीत जे पीक येतं त्याहून फार वेगळं काही पाण्यात येत नाही. हे मी मुद्दाम सांगतोय. माती खराब असेल, जागा नसेल, पाणी जपून वापरायचं असेल, तर ही पद्धत उत्तम आहे. चमत्काराच्या आशेनं आलात, तर पहिल्याच महिन्यात हिरमोड होईल.

कोणती पद्धत निवडायची

पद्धती बऱ्याच आहेत. पाण्यात पंपानं बुडबुडे सोडून मुळं त्यात लोंबती ठेवायची, ही एक. उतरत्या पाइपमधून पाण्याचा पातळ पापुद्रा सतत वाहता ठेवायचा, ही दुसरी. हिरव्या रोपांनी भरलेल्या पांढऱ्या पाइपांच्या रांगा तुम्ही पाहिल्या असतील, त्या याच. कोकोपीटच्या, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या पिशवीत ठिबकनं खतपाणी द्यायचं, कुंडीतलं पाणी ठरावीक वेळानं भरायचं नि ओसरू द्यायचं, मुळांवर धुकं फवारायचं, असे आणखीही प्रकार आहेत.

यातलं काहीही पहिल्यांदा करू नका. पाइपांची मांडणी दिसते देखणी, पण पंप बंद पडला की उन्हाच्या दिवसात काही तासांत रोपं माना टाकतात, कारण मुळांजवळ साठा असा नसतोच. सुरुवात करावी ती स्थिर पाण्याच्या पद्धतीनं. हवाई विद्यापीठातले बर्नार्ड क्रॅटकी यांनी ती नीट बसवली, म्हणून तिला क्रॅटकी पद्धत म्हणतात. पंप नाही, वीज नाही, टायमर नाही. एक बादली, तिचं झाकण, झाकणाला भोकं आणि भोकांत रोपं. शिवाय मुळांना हवा कशी लागते हे ही पद्धत जितकं उघड करून दाखवते, तितकं दुसरी कुठलीच दाखवत नाही.

पीक म्हणून पहिल्यांदा लेट्यूस घ्या. पानांसाठी वाढणारं, बुटकं, चाळीसेक दिवसांत हाताशी येणारं आणि थोडी चूक झाली तरी लगेच न रुसणारं. बेसिलही चालेल. पुदिन्याला तर बी सुद्धा लागत नाही, फांदी पाण्यात ठेवली की आठवडाभरात मुळं फुटतात. पालक सोपा वाटतो, पण तसा नाही. त्याचं बी नीट उगवत नाही आणि कोमट पाण्यात मुळं लवकर सडतात. टोमॅटो, मिरची, काकडी दुसऱ्या वर्षासाठी ठेवा. त्यांना आधार लागतो, पाणी रोजच्या रोज कमी होतं आणि फळं धरायला लागली की खताचं गणित बदलतं. गाजर-मुळा या वाटेला आणूच नका.

काय काय जमवायचं

झाकणाची १५ ते २० लिटरची बादली किंवा डबा. तो अपारदर्शक हवा, यात तडजोड नाही. हाताचा पंजा आत घालून बाहेरून उन्हात बघा. सावली दिसली तर उजेड आत जातोय. मग बाहेरून आधी काळा रंग द्या आणि वर पांढरा. काळा उजेड अडवतो, पांढरा ऊन परतवतो. नुसता काळा ठेवलात तर पाणी तापेल. खतपाण्यावर उजेड पडला की चार-पाच दिवसांत शेवाळ धरतं. माझी पहिली बाग काचेच्या बरणीत होती, मुळं दिसावीत म्हणून. मुळं दिसली आठवडाभर. नंतर हिरवा चिखल.

बाकीचं सामान असं: ५ सेंटिमीटर तोंडाच्या जाळीदार कुंड्या, म्हणजे नेट पॉट, बी रुजवायला अडीच सेंटिमीटरचे स्पंजाचे चौकोनी तुकडे, कुंडीत स्पंजाभोवती भरायला भाजलेल्या मातीच्या गोळ्या किंवा धुतलेले खडे, ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा वजनकाटा. पीएच तपासायचे थेंब. आणि जमलं तर ईसी मीटर. पीएच म्हणजे सामू, पाणी किती आम्ल आहे ते. ईसी म्हणजे विद्युत वाहकता, पाण्यात क्षार किती विरघळलेत त्याचा अंदाज. इथले तिचे आकडे मिलिसिमेन्स प्रति सेंटिमीटरमध्ये आहेत. पीएच पाहायला पेनासारखं मीटर मिळतं, पण ते वारंवार प्रमाणित करावं लागतं, आणि न केल्यास मोठ्या आत्मविश्वासानं खोटं बोलतं. रंग बदलणारे थेंब भोळे असतात, पण खरे. टीडीएस मीटर, म्हणजे विरघळलेले क्षार पीपीएममध्ये दाखवणारं मीटर असेल तर त्याचा आकडा कुठल्या पट्टीवर आहे ते पाहा: ईसी १ असलेलंच पाणी एका मीटरवर ५०० दाखवतं, दुसऱ्यावर ७००. म्हणून आकड्यांची देवाणघेवाण ईसीतच केलेली बरी.

बी रुजवणं

स्पंज पाण्यात दाबून दाबून हवा काढा आणि ताटलीत मांडा. प्रत्येकाला वर चीर असते. तिच्यात दोन बिया ठेवा, खोल खुपसू नका. लेट्यूसच्या बीला उगवायला उजेडाची मदत होते. ताटलीत अर्धा सेंटिमीटर साधं पाणी असू द्या. दोन ते पाच दिवसांत कोंब दिसतो. हवा ३० अंशांच्या वर असेल तर हेच बी झोपी जातं आणि कितीही वाट पाहिली तरी उठत नाही. अशा दिवसांत ताटली घरातल्या सगळ्यांत गार कोपऱ्यात ठेवायची.

कोंब दिसताच, त्याच दिवशी, ताटली भरपूर उजेडात हलवा. इथे एका दिवसाचा आळस केला तर रोप उजेडाच्या शोधात लांब मान काढतं, आणि तशी दोऱ्यासारखी रोपं पुढे कधीच धड उभी राहत नाहीत. दोन्ही बिया उगवल्या तर एक रोप कात्रीनं कापा, उपटू नका. उपटताना शेजारच्याचं मूळ तुटतं. पहिली दोन गुळगुळीत पानं बियाण्याच्या शिदोरीवर वाढतात. त्यानंतरचं खरं पान दिसलं की ताटलीतल्या पाण्याऐवजी अर्ध्या ताकदीचं खतपाणी द्यायला सुरुवात करा. दोन-तीन आठवड्यांत तीन-चार पानं होतात आणि स्पंजाच्या बुडातून पांढरी मुळं डोकावतात. तेव्हा बादलीत हलवायचं.

ते ५७ ग्रॅम: खतपाणी बनवणं

शेतात टाकायचं खत इथे चालत नाही, आणि त्याला कारण आहे. युरियातला नायट्रोजन रोपाला सहज घेता येईल अशा रूपात आणायचं काम मातीतले जिवाणू करतात. बादलीत ती फौज नसते. १९:१९:१९ सारख्या (हे आकडे नायट्रोजन, फॉस्फरस आणि पोटॅशियमच्या प्रमाणाचे) विद्राव्य खतांमध्येही नायट्रोजनचा बराच भाग अनेकदा युरियाचा असतो, शिवाय कॅल्शियम नसतं. कंपोस्टचं पाणी ओतायचा मोह बऱ्याच जणांना होतो. ते बादलीत कुजतं, असलेला ऑक्सिजन खातं आणि दोन दिवसांत घरभर वास सुटतो. इथे लागतो नायट्रेटच्या रूपातला नायट्रोजन, कॅल्शियम आणि सूक्ष्म अन्नद्रव्यांसह पूर्ण संच.

तयार द्रव खतं बहुधा ‘ए’ आणि ‘बी’ अशा दोन बाटल्यांत येतात. ती घेतलीत तर बाटलीवरच्या मापानं चाला. सुटे क्षार घ्यायचे असतील तर पानभाज्यांसाठी एक रूढ आणि खात्रीचं प्रमाण आहे. दर लिटर पाण्याला, सूक्ष्म अन्नद्रव्यांसह येणारी ४:१८:३८ ची हायड्रोपोनिक पूड ०.६ ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट ०.३ ग्रॅम आणि कॅल्शियम नायट्रेट ०.६ ग्रॅम. म्हणजे १५ लिटरच्या बादलीला ९ ग्रॅम, ४.५ ग्रॅम आणि ९ ग्रॅम. एवढ्यात पाण्याची ईसी दीड ते पावणेदोनच्या आसपास येते, आणि तुमच्या पाण्यात आधीच क्षार असतील तर ते त्यावर.

क्रम महत्त्वाचा. बादली पूर्ण पाण्यानं भरा. ४:१८:३८ ची पूड टाका आणि पूर्ण विरघळेपर्यंत ढवळा. मग मॅग्नेशियम सल्फेट, पुन्हा ढवळा. कॅल्शियम नायट्रेट वेगळ्या तांब्याभर पाण्यात विरघळवून सगळ्यात शेवटी ओता. तिन्ही क्षार थोड्या पाण्यात एकत्र कालवले, तर कॅल्शियम तिथल्या सल्फेट आणि फॉस्फेटला धरतं आणि बुडाला पांढरा गाळ बसतो. तो गाळ पुन्हा विरघळत नाही. तुम्ही दिलेलं खत दगड होऊन बसलेलं असतं. ‘ए’ आणि ‘बी’ वेगळ्या बाटल्यांत का असतात, तेही यातच आलं.

पीएच खत घातल्यावर मोजायचा, आधी नाही, कारण खतानं तो खाली येतो. हवा ५.५ ते ६.५ च्या मध्ये. त्याच्या वर गेला की लोह, मँगनीज आणि फॉस्फरस पाण्यात असूनही मुळांना मिळेनासे होतात. कमी करायला पातळ फॉस्फोरिक आम्ल थेंबाथेंबानं घाला, ढवळा, पंधरा मिनिटं थांबा, पुन्हा मोजा. आम्ल पातळ करताना नेहमी पाण्यात आम्ल ओतायचं, आम्लात पाणी कधीच नाही. हातमोजे आणि चष्मा घाला. सायट्रिक आम्लही चालतं, पण त्याचा परिणाम टिकत नाही, जिवाणू ते खाऊन टाकतात. पाणी जड असेल तर पीएच दोन दिवसांत पुन्हा वर चढतो, कारण त्यातलं बायकार्बोनेट आम्ल पचवत राहतं. अशा पाण्यात अर्धं पावसाचं किंवा आरओ गाळणयंत्रातलं पाणी मिसळलं की भांडणच मिटतं.

आणि हवा: रोप बादलीत बसवणं

झाकणाला दोन, फार तर तीन भोकं पाडा. लेट्यूसचं एक रोप काढणीपर्यंत चार ते सहा लिटर पाणी पितं. भोकांची संख्या त्या हिशेबानं ठरवा. स्पंजासकट रोप जाळीच्या कुंडीत उभं करा, भोवती गोळ्या भरा, म्हणजे ते डुलणार नाही आणि उजेडही आत जाणार नाही. कुंडी भोकात बसवा. पाण्याची पातळी अशी ठेवा की कुंडीचं बूड एक-दोन सेंटिमीटर पाण्यात राहील. स्पंज पाणी ओढून ओला राहिला पाहिजे, पण बुडता कामा नये.

आता पुढे काय होतं ते नीट समजून घ्या, कारण सगळी गोम इथेच आहे. मुळं श्वास घेतात. त्यांना ऑक्सिजन लागतो, आणि पाण्यात तो फारच थोडा मावतो: २० अंशांना एका लिटरमध्ये जेमतेम ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसात. तेवढ्याच हवेत मात्र जवळपास २८० मिलिग्रॅम. तीस पट फरक. रोप पाणी पितं तशी पातळी उतरते, आणि झाकण व पाणी यांच्यामध्ये दमट हवेचा एक पट्टा तयार होतो. त्या पट्ट्यातली मुळं वेगळीच वाढतात. त्यांना आडव्या फांद्या फुटतात, बारीक लव येते, आणि ती हवेतून ऑक्सिजन घेऊ लागतात. टोकाची मुळं पाण्यात राहून पाणी आणि क्षार ओढतात. एकाच रोपाची मुळं अशी दोन कामं वाटून घेतात.

माझी चूक ही: चौथ्या आठवड्यात झाकण उघडलं, पाणी निम्म्यावर आलेलं पाहिलं आणि काळजीपोटी बादली पुन्हा काठोकाठ भरली. हवेला सरावलेली मुळं पाण्यात बुडाली. दुसऱ्या दिवशी दुपारी तिन्ही रोपं सुकल्यासारखी आडवी झाली, आणि मला वाटलं पाणी कमी पडलं, म्हणून मी आणखी घातलं! बुडालेलं रोप तहानलेल्या रोपासारखंच दिसतं, कारण गुदमरलेल्या मुळांना पाणी ओढता येत नाही. तेव्हा नियम असा. पाणी उतरू द्या. बादली आटायच्या बेताला आली तरच थोडं घाला, आणि तेही असं की लवदार मुळांचा निदान अर्धा भाग उघडाच राहील.

उन्हाळ्यात पाण्याचं तापमान सांभाळा. १८ ते २४ अंश उत्तम. २६-२७ च्या पुढे दोन संकटं एकत्र येतात: ऑक्सिजन कमी होतो आणि मुळं सडवणारा पिथियम हा बुरशीसारखा सूक्ष्मजीव जोर धरतो. बादली सावलीत आणि पानं उजेडात, अशी जागा शोधा. बादलीभोवती ओलं गोणपाट गुंडाळलं तरी फरक पडतो. झाकणाच्या फटीतून डास आत शिरले तर खाली त्यांचं बाळंतघर होतं, तेव्हा फटी स्पंजानं किंवा जाळीनं बंद करा.

उजेड

खिडकीतला उजेड आपल्या डोळ्यांना भरपूर वाटतो, रोपाला नाही. डोळे अंधाराला जुळवून घेतात, पानांना तशी सोय नाही. लेट्यूसला रोज पाच-सहा तास ऊन मिळालं तर छान. कडक दुपारी विरळ जाळी धरा. घरात वाढवायचं असेल तर पांढरे एलईडी दिवे पानांच्या २० ते ३० सेंटिमीटर वर लावून रोज १४ ते १६ तास चालू ठेवा. जांभळ्या दिव्यांची गरज नाही. त्यांच्याखाली पान आजारी आहे की निरोगी तेही कळत नाही.

आठवड्यातून दोनदा झाकण उचलल्यावर

आधी मुळांकडे पाहा, मग वास घ्या. निरोगी मुळं पांढरी किंवा फिक्या मलई रंगाची असतात. खतानं त्यांवर किंचित पिवळट छटा आली तर घाबरू नका. तपकिरी, बुळबुळीत, हात लावताच साल निघणारी आणि कुजका वास मारणारी मुळं म्हणजे सड. अशी थोडीच असतील तर कापून टाका, पाणी ओतून द्या, बादली धुऊन नवं खतपाणी कमी पातळीला भरा. निम्म्याहून जास्त सडली असतील तर रोप वाचवत बसू नका, नवं लावणं स्वस्त पडतं.

ईसी मीटर असेल तर त्याचा कल बघा. उष्ण दिवसांत रोप क्षारांपेक्षा पाणी जास्त ओढतं, म्हणून उरलेल्या पाण्याची ईसी वाढते. तेव्हा साधं पाणी घालायचं. ईसी घटत असेल तर रोपाला भूक आहे, खतपाणी घालायचं. आकडा जवळपास तोच राहिला तर काही करू नका. हे काही न करणं नव्या माणसाला सगळ्यात जड जातं.

पानं बिघडली तर एक प्रश्न आधी विचारा: जुनं पान की नवं? नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम रोपाला अंगात इकडून तिकडे हलवता येतात. टंचाई आली की ते म्हाताऱ्या पानांतून काढून कोवळ्यांना देतं, म्हणून खालची पानं आधी पिवळी पडतात. खालचं सगळं पान फिकं पडलं तर नायट्रोजनचा संशय घ्या. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर मॅग्नेशियमचा. लोह आणि कॅल्शियम मात्र एकदा पानात गेले की तिथेच राहतात, त्यामुळे त्यांची कमतरता शेंड्याला दिसते. नवं पान पिवळं आणि शिरा हिरव्या, म्हणजे लोह मिळत नाही. बहुतेक वेळा लोह असतंच, पीएच चढलेला असतो. खत वाढवण्याआधी पीएच मोजा.

लेट्यूसच्या आतल्या कोवळ्या पानांच्या कडा जळल्यासारख्या तपकिरी झाल्या, तर पुस्तकी उत्तर आहे कॅल्शियम. मात्र बादलीत कॅल्शियम ओतून ते जाणार नाही. कॅल्शियम पाण्याच्या प्रवाहाबरोबर वर चढतं, आणि तो प्रवाह पानांतून होणाऱ्या बाष्पीभवनावर चालतो. गड्ड्याच्या आत मिटलेल्या पानांभोवती हवा कोंदट असते, तिथून बाष्प निघत नाही, मग कॅल्शियमही पोचत नाही. उपाय म्हणजे एक छोटा पंखा, अगदी मंद, पानं हलतील न हलतील असा. पाहिलंत, इथेही हवाच!

काढणी

बादलीत लावल्यापासून तीस ते पंचेचाळीस दिवसांत लेट्यूस तयार होतं. सगळं एकदम न काढता बाहेरची पानं तोडत राहिलात तर तेच रोप आणखी दोन-तीन आठवडे देतं. मधून देठ उंच जायला लागला आणि पान कडू झालं, म्हणजे ते फुलावर चाललं. मग सरळ मुळापासून काढा. उन्हाच्या आधी, सकाळी तोडलेली पानं जास्त वेळ ताजी राहतात.

उरलेलं खतपाणी नाल्यात किंवा तळ्याकाठी ओतू नका, त्यातल्या नायट्रेट-फॉस्फेटवर तिथे शेवाळ माजतं. पाणी घालून पातळ करा आणि कुंडीतल्या झाडांना द्या. बादली, झाकण आणि जाळ्या ब्रशनं घासा, पातळ ब्लीचच्या पाण्यात अर्धा तास बुडवा, भरपूर धुवा आणि कडकडीत वाळवा. जुने स्पंज टाकून द्या. दुसऱ्या बादलीचं बी पहिली काढायच्या तीन आठवडे आधी ताटलीत घातलं असेल, तर बादली वाळेपर्यंत नवी रोपं बसवायला तयार असतात.